सरांचं जुनं कर्नल

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आजपासून या टाचणवहीत लिहिते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं टाचण काढलं, ते साहेबांच्या सहीसाठी. निवृत्त झाले तेव्हा पाच कोऱ्या वह्या उरल्या होत्या. यावर आता कोणी सही करणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

सोमवारी घट बसायचे. घरकामाला आणि सरांचं करायला येणारी बायनाबाई आणि मी सकाळपासून घर उपसत होतो. गोधड्या धुतल्या, त्या या पावसात कधी वाळतील देव जाणे. फुटकं, तुटकं, जुनं सगळं बाहेर काढलं. त्याच झपाट्यात हरिओम आला. हा सरांचा पॉलिटेक्निकमधला विद्यार्थी, परभणीत कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. सर म्हणजे माझे यजमान, काशीनाथ. अख्खं पिंगळी गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

हरिओमला मीच बोलावलं होतं. आमची अर्पिता जर्मनीत. तिचा व्हिडिओ कॉल सरांच्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, लागत नव्हता, यंत्रणा फार जुनी आहे असं येत होतं. त्यानं नवी चढवली आणि म्हणाला, "काकू, नवं कर्नल बसलं. जुनं बी एक राहू देतो, अडीनडीला."

मला फौजेतला कर्नल आठवला. तो हसला. म्हणाला, कर्नल म्हणजे मशीनच्या आतला पाया, बाकीचे प्रोग्राम त्याच्यावर उभे राहतात. मी म्हटलं, नवा पाया घातल्यावर जुना कशाला ठेवतोस? घट बसायचेत, घरात जुनं काही नको. तो दोनदा म्हणाला राहू द्या. मी दोनदा म्हटलं काढ. सर झोपले होते. ते काढायला लागणारा पासवर्ड मीच टाकला.

तो गेल्यावर, चार वाजता, सरांना टेकवून बसवलं आणि रोजच्यासारखं अंगठ्याला बटण बांधलं. मशीन बोललं नाही.

हे मशीन म्हणजे सरांचं तोंड. चार वर्षांपूर्वी नसांचा आजार निघाला. आधी पाय गेले, मग हात, मग बोलणं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा गव्हाच्या दाण्याएवढा हलतो. पडद्यावर अक्षरांच्या ओळींवरून दिवा फिरतो, हव्या अक्षरावर आला की सर अंगठा दाबतात आणि मशीन ते अक्षर बोलतं. आवाज सरांचाच. दोन हजार नऊ साली त्यांच्या वर्गात जन्मापासून न बोलणारी एक मुलगी होती, तिच्यासाठी सरांनी हा प्रोग्राम लिहिला. अख्खी बाराखडी स्वतःच्या आवाजात भरली. अंगठ्याचा एवढासा धक्का ओळखायचं कामही त्यांनीच लिहून जुन्या कर्नलला जोडलं होतं. ती मुलगी शिकून गेली, प्रोग्राम घरी पडून राहिला, आणि दोन वर्षांपासून सर त्यातून बोलतात. स्टेशन जवळ असल्यामुळे गाडी आली की आवाज बुडतो. मग ते तेच वाक्य परत बोलतात, चिडून.

हरिओमला फोन केला. तो म्हणाला, "काकू, हे सरांनाच विचारावं लागतंय. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळणार न्हाई."

म्हणजे ज्यांना विचारायचं त्यांचंच तोंड मी बंद करून ठेवलंय.


२० सप्टेंबर, शनिवार

दोन पुठ्ठे केले. एकावर मराठी मुळाक्षरं, एकावर एबीसीडी. मी छडीनं ओळी दाखवत जाते. बरोबर ओळ आली की सर एकदा पापणी मिटतात, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक. पापणी मिटून धरली तर नाही किंवा नको. शाळेतली छडी इतक्या वर्षांनी कामी आली.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, काय झालं.

मी खोटं बोलले. म्हटलं, काल चारच्या सुमाराला लाइट गेली, आली तेव्हापासून असं झालंय. इथे लिहिते, तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही.

मग त्यांनी सांगितलं की मशीन सुरू होताना यादी येते, त्यातून जुनं कर्नल निवडायचं. एवढं सांगायला पाऊण तास लागला.  यादी उघडून दाखवली. त्यात जुनं नव्हतंच. सरांनी विचारलं, कुठे गेलं. मी म्हटलं, आपोआप गेलं असेल.


२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवले. माती, पाच धान्यं, कलश, सगळं वेळेवर झालं. सरांच्या खोलीतून देवघर दिसतं, पण त्यांची नजर मशीनकडे होती.

दुपारी त्यांनी एक हुकूम टाइप करायला लावला. मशीनवर काय चढवलं, काय काढलं याची नोंद त्यात असते म्हणे. इंग्रजीतली दोन पानं निघाली. मी फक्त वाचून दाखवायचं होतं, समजायचं नव्हतं. एकोणीस सप्टेंबर, बारा वाजून चाळीस मिनिटं, मग रिमूव्ह आणि पुढे लांबलचक नाव. सरांनी पापणी मिटून धरली, म्हणजे पुढे जाऊ नको. परत वाचलं. बारा चाळीस. तिसऱ्यांदा वाचलं. मग ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले.

मी विचारलं, काही सापडलं का. त्यांनी डोळे मिटून धरले. म्हणजे नाही.

एवढं वाचूनही काही हाती लागलं नाही. आता नवीन कर्नलवरच सगळं उभं करायचं, असं सरांनी सांगितलं. मला त्यातच बरं वाटलं. मागचं कोणी उकरू नये.


२५ सप्टेंबर, गुरुवार

हरिओम मोबाइलवरचं ॲप घेऊन आला. लिहिलेलं मराठीत बोलतं. आवाज बाईचा, अगदी गोड, एखाद्या बँकेत फोन लावल्यावर येतो तसला. "सर, हे बघा, तुमी म्हणाल ते बोलंल," असं म्हणून त्यानं 'नमस्कार' बोलवून दाखवलं. सरांनी डोळे मिटले ते मोबाइल बंद होईपर्यंत उघडले नाहीत. शिवाय मोबाइलच्या काचेला सरांचा अंगठा कळतही नाही, एवढ्या हलक्या धक्क्याची कल्पनाच नसते तिला.

मी विचारलं, जुनं कर्नल कुठून परत आणता येईल का. तो म्हणाला, बाजारातलं जुनं मिळेल, पण सरांनी स्वतः बांधलेलं ते या एकाच डब्यात होतं. "मी डबे उघडतो, विंडोज टाकतो, काकू. सरांचं कोड माझ्या डोक्यावरून जातंय." त्यानं इंटरनेटवर कुठल्याशा जाणकारांच्या गटात विचारलं होतं. एकाचं उत्तर आलं. जुनं का काढलंत, एवढंच. हरिओमनं ते माझ्याकडे न बघता वाचून दाखवलं, हे त्याचं चांगलं.


२७ सप्टेंबर, शनिवार

पहिलं यश. प्रोग्राम सुरू होताच मरत होता. सरांनी दोन दिवस पापण्या मिटून सांगितलं ते माझ्या भाषेत असं: जुना प्रोग्राम कर्नलला वेळ विचारतो, ती विचारायची एक जुनी खिडकी होती. नव्या कर्नलनं ती बंद केली. मशीन चालू होताना एक शब्द सांगितला की ती उघडते. तो शब्द मी एकवीस अक्षरांत उतरवला आणि तीनदा चुकले, एकदा तर माझ्या हातून एस दोनदा पडला.

दुपारी पडद्यावर अक्षरांच्या ओळी आल्या. आवाजाचं हरिओमनं फोनवरच सांगून जुळवलं आणि मशीनमधून सर म्हणाले, "सुरू." एवढं एकच, जे सुरुवातीला ते नेहमी म्हणतं. मी देवापुढची साखर सरांच्या ओठांना लावली. गिळता येत नाही, जेवण नळीनंच देतो, पण चव तर कळत असेल.

आता राहिलं बटण. नव्या कर्नलला अंगठा कळत नाही.


२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आपट्याचं पान सरांच्या मुठीत ठेवलं. ते घसरून पडलं, परत ठेवलं.

सकाळी सरांनी नजरेनं मराठीचा पुठ्ठा मागितला. मी छडी फिरवली. अ, मग र, मग प. मी म्हटलं, अर्पिता ना? ती डिसेंबरात येणारच आहे. तोपर्यंत मशीन नीट झालं तर तिच्याशी तुमच्या आवाजात पोटभर बोलाल. एकेका अक्षरानं काय बोलणार पोरीशी? त्यांची पापणी मिटली आणि बराच वेळ तशीच राहिली. डिसेंबर जवळ नाही, हे मलाही कळतं, पण नोकरी सोडून ती अशी उठून येऊ शकत नाही. मी एबीसीचा पुठ्ठा घेतला आणि आम्ही बटणाला लागलो.


६ ऑक्टोबर, सोमवार

बटण ओळखणारा भाग म्हणजे सरांनी लिहिलेल्या तीनशे चाळीस ओळी. नवीन कर्नलवर त्या पुन्हा बांधून घ्याव्या लागतात. बांधायला गेलं की चुकांची यादी येते. आज अकरा चुका.

पडद्यावरचं बारीक अक्षर सरांना आता दिसत नाही. माझ्या जुन्या शाळेतला गुंडाळी फळा माळ्यावर होता. साफसफाईत तोही बाहेर काढला होता, पण टाकला नव्हता. तो पलंगासमोर टांगला. त्यावर मी खडूनं चूक लिहिते, शेजारी सरांची मूळ ओळ लिहिते. सर वाचतात, आणि बदल पापणीनं सांगतात. मी बदल फळ्यावर करते, मग टाइप करते.

बायनाबाई दाराशी उभी राहून म्हणाली, "बाई, म्हातारपणी सरांना शाळेत बसवलंव जणू."

मी म्हटलं, उलट आहे, सर मला शिकवायलेत. तिच्याशी बोलताना माझीही भाषा घसरते. सरांच्या डोळ्यांत हसू आलेलं दिसलं. त्या एका क्षणी मला वाटलं, होईल सगळं.


११ ऑक्टोबर, शनिवार

अकराच्या सात चुका झाल्या, सातच्या परत नऊ. एक सुधारली की दुसरीकडे दोन उगवतात.

मुख्य अडचण मला समजली, हे अभिमानानं नोंदवते. सरांचा कोड सेकंदाला शंभर वेळा अंगठ्याकडे बघतो, त्यासाठी आत घड्याळ लावलेलं आहे. ते घड्याळ लावायची पद्धत कर्नलवाल्यांनी बदलली. जुनी बंदच केली. बाहेरच्या प्रोग्रामांची जुनी सवय शक्यतो मोडायची नाही असा त्यांचा दंडक आहे म्हणे, पण आतल्या भागांना ते कसलीही हमी देत नाहीत. सरांचं बटण आतलं. आतल्या माणसांना हमी नसते, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आज मी सरांवर ओरडले. एका ओळीसाठी तीन तास बसलो. त्यांची पापणी मिटली की मिटली नाही हे मला कळेना. मी अक्षर धरायचे, ते नको म्हणायचे, परत पहिल्यापासून. मी म्हटलं, अहो लक्ष द्या ना, हे तुमच्यासाठीच चाललंय.

बायनाबाई आत आली आणि माझ्या हातातली छडी बाजूला ठेवली. "सर केव्हाचे वल्ल्या फडक्याकडं बघायलेत. त्यांचं तोंड सुकलंय. आन् तुमी कामून एबीसी लावून बसलाव?" तिनं ओला बोळा त्यांच्या ओठांवरून फिरवला. मग नेहमीप्रमाणे त्यांच्याशी गप्पा मारत बसली, बजरंगाच्या म्हशीला पारडू झालं, चुडाव्याच्या बाजारात भेंडी कशी होती. ती विचारते, तीच उत्तर देते, सर ऐकतात. तिला पुठ्ठा लागत नाही. मला ते आवडत नाही, हेही लिहून ठेवते.


१२ ऑक्टोबर, रविवार

नव्या यंत्रणेवर अर्पिताचा व्हिडिओ कॉल लागला. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या मागच्या खिडकीतलं झाड दिसत होतं. ती म्हणाली, "बाबा, कसं वाटतंय?" मी म्हटलं, बरं वाटतंय त्यांना. ती म्हणाली, "आई, बाबांना सांगू दे ना." मी म्हटलं, मशीनचं थोडं काम चालू आहे, पंधरा दिवसांत बोलतील. सर पडद्याकडे बघत होते. मग पुठ्ठ्याकडे बघितलं. एका वाक्याला अर्धा तास लागला असता, तिला बाहेर पडायची घाई होती. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

कॉल बंद झाल्यावर पडद्यावर कसलंसं चित्र आलं, डोंगर आणि तळं. सर त्याच्याकडेच बघत होते.


१५ ऑक्टोबर, बुधवार

परभणीहून डॉक्टर आले होते. छाती तपासली, पापण्या वर करून बघितल्या. बाहेर ओट्यावर आल्यावर म्हणाले, डोळ्यांचे स्नायू सहसा शेवटपर्यंत टिकतात, पण सरांच्या पापण्याही आता थकायला लागल्या आहेत. काही बोलून घ्यायचं असेल, कोणाला बोलावून घ्यायचं असेल, तर उशीर करू नका.

मी म्हटलं, त्याचीच तर घाई चालली आहे. चार चुका उरल्या आहेत. डॉक्टरांना बहुतेक समजलं नाही. चहा न घेताच गेले.

अर्पिताला फोन करून सांगितलं की डॉक्टर म्हणाले थकवा आहे.


१८ ऑक्टोबर, शनिवार



तीन चुका उरल्या होत्या. सकाळीच फळ्याचा एक कोपरा पुसून घेतला, एबीसीचा पुठ्ठा धरला. सर बघेनात. मराठीच्या पुठ्ठ्याकडे नजर लावून बसले. मी म्हटलं, बरं, पण दोनच शब्द, मग काम.

त. पापणी मिटली. त्याला उकार. मग झ. त्याला काना. मग बऱ्याच वेळानं द. काना मात्रा.

तुझा दो.

छडी माझ्या हातातच राहिली. पुढचं अक्षर सांगायला मला छडी लागत नव्हती. कळलं होतं यांना. मशीन त्यांचंच, जुनं कर्नल आपोआप जात नसतं हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. महिनाभर गप्प राहिले आणि आता, पापणी नीट मिटत नाही तेव्हा, मला सांगायचंय की दोष कोणाचा. चाळीस वर्षांत हा माणूस मला कधी टाकून बोलला नाही. भाजी खारट झाली तर पाणी जास्त प्यायचे, एवढंच.

मी पुठ्ठा पालथा ठेवला. म्हटलं, अहो, ते मशीनवर सांगा. आधी मशीन होऊ द्या. तेव्हा काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. त्यांनी पापणी मिटून धरली. नको. मग उघडली आणि पालथ्या पुठ्ठ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत पुठ्ठ्याकडे. मी फळ्याकडे तोंड केलं आणि चुका लिहायला लागले.

बायनाबाई पाय चोळत होती. म्हणाली, "बाई, सर काय रागावल्यावानी दिसत न्हाईत. हसायलेत जणू."

मी म्हटलं, आजारानं तोंड तसं झालंय त्यांचं.

"तोंडाचं न्हाई म्हणायले मी," ती म्हणाली, "डोळ्याचं म्हणायले."

तिला काय माहीत. दुपारी सरांनी स्वतःहून एबीसीकडे नजर वळवली आणि एक चूक काढून दिली. सतरा अक्षरं. तीन तास.


२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. सरांना उटणं लावून पुसून काढलं, औक्षण केलं. नवा सदरा घालता आला नाही, छातीवर पांघरला. ताटात निरांजन होतं, त्याच्याकडे नजर गेली नाही. पापण्या अर्ध्या उघड्या राहतात आता. मिटत नाहीत आणि पूर्ण उघडतही नाहीत. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून बायनाबाई थेंब घालते.

कालपासून मी मराठीचा पुठ्ठा दोनदा धरला. खरंच धरला. मनाची तयारी करून, म्हटलं, काय असेल ते सांगा, मी ऐकते. त पासून सुरू केलं, सगळ्या ओळी चारदा फिरवल्या. काही नाही. पापणी हलली असं एकदा वाटलं, ते पंख्याचं वारं होतं.

अर्पिताला खरं सांगितलं. ती तिकीट बघते आहे.

दोन चुका उरल्या आहेत. त्या काढून देणारं आता कोणी नाही.


२६ ऑक्टोबर, रविवार

हरिओम दिवाळीच्या सुटीत चार दिवस सरांचा कोड घेऊन बसला होता. सकाळी बायकोला माहेरी झरीला सोडून इकडेच आला. आल्याबरोबर सरांच्या पायांना हात लावला आणि फळ्यासमोर उभा राहिला. फळ्यावर माझ्या अक्षरात सरांनी सांगितलेलं सगळं होतं, बाण, खुणा, खोडलेल्या ओळी. तो पुष्कळ वेळ वाचत राहिला.

"काकू, सरांनी ह्याच्यातच सांगून ठेवलंय. शेवटच्या दोन चुका ह्या तिसऱ्या ओळीनंच जायलेत. सरांनी एकच गोष्ट दोन जागी बदलायची म्हणलं होतं, आपण एकाच जागी केली."

आपण म्हणाला, पण केली मीच होती. दहा तारखेला. छडी फिरवताना सर पुन्हा त्याच ओळीकडे नेत होते आणि मी म्हणत होते, झालं हो ते, पुढे चला.

त्यानं दुसऱ्या जागी बदल केला, बांधून घेतलं. एकही चूक आली नाही. नव्या कर्नलनं बटण ओळखलं. ओळींवरून दिवा फिरायला लागला आणि सरांचा आवाज म्हणाला, "सुरू."

आम्ही सरांच्या अंगठ्याला बटण बांधलं. दिवा फिरत राहिला. हरिओमनं बटणाची नाजूकता जेवढी वाढवता येते तेवढी वाढवली. शेवटी ते पलंगाच्या हादऱ्यानं दाबलं जाऊ लागलं. स्टेशनात मालगाडी आली आणि मशीन आपोआप "ख, ख, ख" म्हणायला लागलं. हरिओमनं घाईनं बंद केलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला. सरांनी शिकवलेला पोर, चाळिशीला आला आहे, तोंडावर रुमाल धरून उभा होता.

जाताना म्हणाला, "काकू, सरांचं काम मात्र पक्कं हाय. आता पुढचं कर्नल आलं तरी चालवता येईल. मी ध्यान ठेवीन."

मी म्हटलं, ठेव.


२८ ऑक्टोबर, मंगळवार

अर्पिता गुरुवारी पोचते. डॉक्टर म्हणाले गुरुवारपर्यंत काही सांगता येत नाही.

दुपारी बायनाबाई धुणं घेऊन मागे गेली होती. मी खोलीचं दार लोटलं, मशीन चालू केलं आणि बटण माझ्या हातात घेतलं. सरांना ऐकू येतं, असं डॉक्टर म्हणतात. डोळे अर्धे उघडे, छताकडे.

एक गोष्ट इथेच लिहिता येईल. परवा अंगठा हलला नाही तेव्हा माझ्या जिवाचं पाणी झालं, ते खरं. पण त्याच्या खाली, अगदी तळाला, सुटल्यासारखंही वाटलं. ते वाक्य आता मला ऐकावं लागणार नाही. अशी बाई आहे मी. सहा आठवडे छडी घेऊन त्यांना बोलतं करायला बसले, आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलं तर पुठ्ठा पालथा घातला.

म्हणून आज ठरवलं की त्यांच्या वतीनं मीच ते बोलायचं. त्यांच्याच आवाजात. शिक्षा म्हणा.

दिवा त च्या ओळीवर आला तेव्हा दाबलं. "तु," सर म्हणाले. सोळा वर्षांपूर्वीचा आवाज, भरदार, तपकीर सोडलेल्या वर्षातला. मग "झा." मग "दो."

दिवा पुढे सरकत श च्या ओळीवर आला. श, ष, स, ह. माझं बोट बटणावर होतं. दिवा ष वरून गेला. पूर्ण फेरी मारून परत आला आणि परत गेला. तिसऱ्यांदाही गेला. मला ते दाबता आलं नाही. न वरूनही तो दरवेळी जात होता, पण माझं वाक्य ष वरच संपणार होतं, न वर माझं काही काम नव्हतं.

सरांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं होतं. पापणी मिटत नाही म्हणून येतं ते. पुसून घेतलं.

मशीन बंद केलं आणि बायनाबाईला हाक मारली. कुशीवर वळवायची वेळ झाली होती, आणि ते एकटीनं होत नाही.